दोन टीबीच्या डबीत चौसष्ट जीबी

आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. सिन्नर तालुक्यातल्या तिच्या घरी जाणं झालं की मी फोन तिच्याजवळ ठेवून रेकॉर्डिंग सुरू करायचे. दोन वर्षांत चाळीसच्या वर फाइली जमल्या होत्या. त्यांतली एक सोडून सगळ्या गेल्या. दिवाळी सेलमध्ये तुम्हीही जुना फोन बदलणार असाल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०२३ च्या दिवाळीत मी एका शॉपिंग साइटवरून एक्स्चेंज ऑफरमध्ये नवा फोन मागवला. जुना फोन रिसेट करून डिलिव्हरीवाल्याच्या हातात द्यायचा, तरच एक्स्चेंजची सूट मिळणार होती. जुन्या फोनमध्ये १४० जीबीच्या आसपास फोटो, व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग होतं आणि लॅपटॉप आधीच भरलेला. त्याच साइटवर '२ टीबी पोर्टेबल एसएसडी', म्हणजे सुमारे दोन हजार जीबी मावणारी, बाहेरून जोडायची छोटी डिस्क, १,४९९ रुपयांना दिसली. ८५ टक्के सूट, 'फक्त ३ शिल्लक', बाजूला उलटा धावणारा काउंटर. साइट मोठी, रोजच्या वापरातली, म्हणून मला संशय आला नाही. पण तिथे विकणारा कुणी तिसराच असतो, साइट फक्त बाजार भरवते. हा फरक मला माहीत होता, तरी त्या दिवशी मी विक्रेत्याच्या नावावर बोटसुद्धा ठेवलं नाही.

किमतीवरूनच मी थांबायला हवं होतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या १ टीबीच्या एसएसडीला तेव्हा सहा-सात हजार पडत होते. दुप्पट जागा पाव किमतीत कुठलाच सेल देऊ शकत नाही, कारण आतल्या मेमरी चिपचाच खर्च त्याहून जास्त असतो.

पार्सल वसुबारसेला आलं. धातूची, हातात जड लागणारी सुबक डबी. खोक्यावर २ टीबी ठळक छापलेलं, पण आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, कुठल्या देशात बनलं, एमआरपी, यातलं काहीही नव्हतं. आपल्याकडे पॅकबंद मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. लॅपटॉपला जोडल्यावर मात्र जागा बरोबर २ टीबीच दिसली.

फोन न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला येणार होता. रात्री दहाला कॉपी लावली, ती पहाटे साडेतीनला संपली. वेग सेकंदाला सात-आठ एमबी. मी दोष फोनच्या केबलला दिला. सकाळी डबी उघडून पाहिली तर सगळी फोल्डरं जागेवर, फाइलींची नावं आणि आकारही बरोबर. सुरुवातीचे चार-पाच फोटो उघडले, स्वच्छ दिसले. फोन रिसेट केला आणि दुपारी देऊन टाकला.

पौषात आत्या गेली. दहाव्याच्या आदल्या रात्री चुलत बहीण म्हणाली, "ताई, आत्याच्या ओव्या लाव ना, सगळ्यांना ऐकू देत." मी डबी जोडली. पहिली फाइल उघडेना, दुसरीही उघडेना. रात्री एकपर्यंत मी एकेक फाइल दाबत बसले होते. नावं माझीच, 'आत्या पंढरीच्या', 'आत्या माहेरच्या', तारखांसकट. आवाज कशातच नव्हता.

नाशिकला परतल्यावर एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने स्क्रू काढून झाकण उचललं. आत एसएसडी नव्हतीच. कार्ड रीडरची छोटी हिरवी पट्टी, तिच्यात गरम गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड, आणि वजन यावं म्हणून बसवलेला लोखंडाचा तुकडा.

त्याने समजावलं ते असं. कार्डाच्या कंट्रोलरमधला, म्हणजे त्याचा कारभार पाहणाऱ्या चिपमधला, प्रोग्रॅम बदलून त्याला '२ टीबी' असं खोटं सांगायला लावलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते मान्य करतो. पहिले ६४ जीबी खरोखर लिहिले जातात. त्यानंतरचा डेटा काही बनावट डब्या चक्क टाकून देतात, काही आधीच्या डेटावरच गिरवतात, आणि 'कॉपी झाली' असा निरोप मात्र देतात. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या भागात राहते, म्हणून फोल्डर भरलेलं दिसतं. माझे फोटो आधी कॉपी झाले, ते वाचले. रेकॉर्डिंगचं फोल्डर शेवटी होतं. एक फाइल त्याने स्क्रीनवर उघडून दाखवली: आकार ३८ एमबी, आत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं.

मी विचारलं, रिकव्हरी होईल का? कितीही पैसे लागू देत. तो म्हणाला, "मॅडम, पुसलेलं परत आणता येतं. हे लिहिलंच गेलेलं नाही."

मग मी त्या साइटवरचे अभिप्राय नीट वाचले, जे आधी वाचायला हवे होते. ४.२ तारे. पण पाच तारे देणारे बहुतेक जण माल हातात पडल्या दिवशी लिहून गेलेले, 'छान पॅकिंग, लवकर मिळालं'. काही अभिप्राय तर उशीच्या अभ्र्यांचे होते, म्हणजे जुन्याच पानावर माल बदललेला. एक तारा देणारे मोजके, आणि त्यांनी महिना-दोन महिन्यांनी लिहिलेलं, 'फाइली उघडत नाहीत'. ही फसवणूक परत करण्याचे दहा दिवस उलटल्यावरच उघडी पडते, तिची सगळी रचनाच तशी आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. साइटने आधी 'मुदत संपली' म्हणून हात वर केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत उघडलेल्या डबीचे फोटो, बिल आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट दिला. साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही वेगळं लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढणं बंधनकारक आहे. तीन आठवड्यांत १,४९९ रुपये परत आले. विक्रेत्याचं पान नाहीसं झालं होतं. त्याच फोटोची तीच डबी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने विकायला आलेली मी पाहिली.

साठवणीची कुठलीही वस्तू घेतलीत, पेन ड्राइव्ह असो की मेमरी कार्ड, तर तिच्यात काही ठेवण्याआधी ती तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते अख्खी डिस्क भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. वेळ फार लागतो, पण सगळी भरायची नसेल तर दोनशे जीबी भरूनही माझ्यासारखी डबी पकडली जाते. व्हॅलिड्राइव्ह डिस्कवर ठिकठिकाणी तपासून काही मिनिटांत सांगतं. मॅक आणि लिनक्ससाठी एफथ्री आहे. ही तपासणी डबी रिकामी असतानाच करा, आणि परत करण्याची मुदत असतानाच. कॉपी केल्यावर पहिल्या फाइली पाहून थांबू नका, सर्वांत शेवटी गेलेली फाइल उघडा. आणि एक्स्चेंजची तारीख उद्यावर आली असेल तर ती पुढे ढकला, नाही जमलं तर सूट सोडा. मी त्या एका रात्रीच्या घाईत सगळं घालवलं.

उरलेली एक ओवी चुलत बहिणीच्या फोनमध्ये सापडली. मीच कधीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. दोन मिनिटं दहा सेकंदांची आहे. मागे जात्याची घरघर, मध्येच आत्या थांबते आणि मला विचारते, "चहा ठेवू का गं?"

ती फाइल मी आता तीन ठिकाणी ठेवली आहे.