अननसाच्या चकत्यांचा डबा: पेस्ट्रीला पास, सासवाला नापास

फोंड्याला राहते, घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे वर्षाला असे किती डबे रिकामे होतात ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. रिव्ह्यू आहे नेहमीच्या 850 ग्रॅमवाल्या, पाकातल्या अननस स्लाइसच्या डब्याचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या डिसेंबरात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे आणले आणि डोळे मिटून खाल्ले असते तर कुठला कोणाचा ते मला सांगता आलं नसतं.

आधी चांगलं सांगते. फ्रेश क्रीमची पेस्ट्री करायची असेल तर डबाच घ्या, ताज्या अननसाच्या नादाला लागू नका. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं, म्हणून जिलेटिन सेटच होत नाही आणि क्रीमला थोड्या वेळाने कडवट चव येते. (चायना ग्रासला काही होत नाही, ते समुद्री शेवाळाचं, त्यात प्रोटीनचा संबंध नाही.) डब्यातलं फळ उकळत्या तापमानातून गेलेलं असतं, एन्झाइम मेलेलं, त्यामुळे मूस, जेली, क्रीम सगळं शहाण्यासारखं बसतं. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं, एका बारशाच्या ऑर्डरचं अख्खं मूस सूप होऊन ओतावं लागलं होतं.

आता वाईट. जानेवारीत पाहुणे यायचे होते, बाजारात धड अननस मिळेना, म्हणून मी डबा फोडून सासवाला घातला, म्हणजे आमच्या गोव्याच्या मोहरी-खोबऱ्याच्या आंबटगोड कालवणाला. खोबरं, मोहरी, सुकी मिरची सगळं सासूबाईंच्या प्रमाणात, गूळ फक्त कमी घातला कारण पाकातली साखर आहेच. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘हो अननस न्हय गे.’ म्हणजे हा अननसच नव्हे. झालं. मोहरीचा झणका वर, साखर खाली आणि मध्ये जे आंबट असायला पाहिजे तेच गायब. माझ्या मामेसासऱ्यांचं सावईवेऱ्याला कुळागर म्हणजे पोफळीची बाग आहे, तिच्या सावलीत अननस लावलेत, तो कापला की वास ओसरीपर्यंत येतो आणि जास्त खाल्ला तर जीभ सोलते. त्याच्याशी ह्या डब्याची तुलना करणं म्हणजे डब्यावर अन्याय, हेही कबूल करते.

पण त्या दिवशी चिडून मी डबा हातात घेऊन नीट बघितला. लेबलवर गळ्यात फुलांची माळ घातलेली बाई, मागे समुद्र, म्हणजे थेट हवाई, आणि पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, फिलिपिन्स. खरं तर अननस हवाईचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेचा. कोलंबसच्या लोकांना तो 1493 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर भेटला, आणि पुढच्याच शतकात पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. ब्राझीलच्या मूळच्या तुपी लोकांचं नाव पोर्तुगीजांनी उचललं आणि त्यांच्याकडून आपण, म्हणून आपण अननस म्हणतो. म्हणजे हवाईत अननसाचा कारखाना निघायच्या तीनशे वर्षं आधी तो आपल्याकडे पानात वाढला जात होता, आणि लेबलवर मात्र ती बाई!

हवाईचं प्रकरण धंद्याचं आहे. तिथे फळ भरपूर यायचं पण अमेरिकेपर्यंत जहाजाने न्यायचं तर वाटेतच सडायचं, म्हणून डबा. आणि डब्यावर अमेरिकेची जकात, म्हणून परवडायचं नाही. 1893 मध्ये तिथल्या राणीला, लिलिउओकालानीला, गोऱ्या बागायतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी गादीवरून उतरवलं, 1898 ला अमेरिकेने बेटं घशात घातली आणि जकातीचा प्रश्न मिटला. पुढच्याच वर्षी जेम्स डोल नावाचा हार्वर्डमधून नुकताच पास झालेला पोरगा तिथे पोचला. राणी गेल्यावर जे रिपब्लिक झालं त्याचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा त्याचा नात्यातला, तेव्हा पोरगा अगदीच अनोळखी गावात गेला असं काही नाही. 1901 मध्ये त्याने कंपनी काढली, 1903 मध्ये पहिल्या हंगामात 1,893 पेट्या भरल्या, आणि 1922 मध्ये लानाई नावाचं जवळजवळ अख्खं बेटच 11 लाख डॉलरला विकत घेतलं. आपल्याकडे कुळागराचा बांध अर्धा फूट सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट यंत्राची. डब्यातल्या सगळ्या चकत्या हुबेहूब सारख्या का, ह्याचं उत्तर त्यात आहे. हेन्री गिनाका ह्या माणसाने 1911 च्या सुमारास डोलसाठी एक मशीन बनवलं. ते अननसाची साल काढून त्याचा सरळ दंडगोल करायचं, दोन्ही टोकं छाटायचं, मधला दांडा आरपार ठोकून काढायचं आणि सालीला चिकटलेला गरसुद्धा खरवडून घ्यायचं, रसासाठी. पुढे तर मिनिटाला शंभरेक फळांपर्यंत वेग गेला. मी घरी एक अननस सोलते, डोळे तिरके तिरके काढत, बोटं चुरचुरतात, वीस मिनिटं जातात. म्हणजे चकती डब्याच्या मापाची, आणि फळही त्याच मापाचं शोधलेलं. स्मूथ केयेन ही जात तिथे चालली कारण ती नळकांड्यासारखी सरळ वाढते आणि पानांना काटे जवळजवळ नाहीत. आपल्याकडे क्यू म्हणून जो मोठा अननस मिळतो तो त्याच घराण्यातला, पण कुळागरात पिकलेला असला की त्याचीसुद्धा चव वेगळी लागते, त्यामुळे सगळा दोष जातीवर ढकलता येत नाही, अर्धी चव तो पाक आणि उकळणंच खातं.

आणि सीझन? आमच्याकडे अननस त्याच्या मर्जीने येतो, मुख्य बहर मे ते ऑगस्ट, आणि डिसेंबरात मी बोंब मारत बसते. कारखान्याला असं चालत नाही. पोर्तुगीजांच्याच अझोर्स बेटांवर काचेच्या घरात अननस लावतात, तिथे गेल्याच्या आदल्या शतकात लोकांना कळलं की आत धूर कोंडला की सगळी झाडं एकदम फुलोऱ्यावर येतात. धुरातल्या इथिलीन वायूची करामत. आता तेच काम औषधाने करतात.

बरं मग लेबलवर फिलिपिन्स कसं? तर हवाईच्या मळ्यात आणि कारखान्यात राबायला जपानहून, फिलिपिन्सहून माणसं नेली होती, नंतर मजुरी वाढली तसा धंदाच फिलिपिन्सकडे गेला. 1926 पासूनच मिंडानाओ बेटावर अमेरिकन कंपनीचे मळे सुरू झाले होते. होनोलुलूचा डोलचा कारखाना 1991 ला बंद झाला, आता तिथे शॉपिंग सेंटर आहे, आणि लानाईवरचा शेवटचा अननस 1992 ला निघाला. लेबलवरची बाई तेवढी राहिली. (आणि अननस घातलेला हवाईयन पिझ्झा 1962 मध्ये कॅनडात निघाला, तेव्हा बीचवरच्या शॅकमध्ये कोणी ‘ऑथेंटिक’ म्हणून जास्त पैसे लावले तर देऊ नका.)

असो, डबा. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. अर्धा स्टार वजनाचा कापला, पाक गाळून काट्यावर ठेवल्यावर फळ पाचशे ग्रॅमही भरलं नाही, बाकी साखरेचं पाणी. ते फेकू नका, स्पंज भिजवायला बेस्ट. एक स्टार सासूबाईंचा.

घेताना पोचा आलेला किंवा बूड फुगलेलं असेल तर ऑफर असली तरी परत ठेवा. आणि शक्यतो ज्यूसमधला घ्या, पाकातला नको, थोडा महाग पडतो पण निदान आंबटपणा शिल्लक असतो. उरलेल्या चकत्या उघड्या डब्यातच फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत, काचेच्या बरणीत काढा. मी एकदा आळस केला, दोन दिवसांनी पत्र्याची चव आली आणि ती नेमकी गिऱ्हाइकालाच आधी कळली.