आठ महिने लोड प्लॅनर अ‍ॅप वापरून: बत्तीस फुटी ट्रकमध्ये 18 पॅलेट खरंच बसतात का?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत मालकांनी लोड प्लॅनर अ‍ॅप वर्षभरासाठी घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आणखी दोन अ‍ॅप फुकटात चालवून पाहिली आणि तिन्हींचं गणित एकच निघालं. पॅलेटचं, म्हणजे ज्या फळ्यांच्या चौकटीवर माल रचतात तिचं, माप टाकायचं, गाडीचं माप टाकायचं, मग रंगीत ठोकळे गाडीत बसताना दिसतात. मालक आठवडाभर येईल त्याला ते दाखवत होते.

त्याआधी आमचं अ‍ॅप म्हणजे मुकादम मामा. थप्पीकडे बघून सांगायचे, "दोन गाड्या लागतील." बहुतेक वेळा दोनच लागायच्या.

आमचं पॅलेट 1200 बाय 1000 मिलिमीटरचं, कार्टन 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचं. एका थरात तीन आडवी, दोन उभी अशी बरोब्बर पाच बसतात. पाच थर, 25 कार्टन, पॅलेटसकट उंची साधारण 2.15 मीटर. कागदावर कुठे सुईएवढी फट नाही, आणि तिथेच घोळ आहे.

पहिली गाडी भिवंडीच्या गोडाऊनला होती. अ‍ॅपमधली तयार बत्तीस फुटी 9.75 मीटर लांब, 2.44 मीटर रुंद. शेजारी-शेजारी दोन पॅलेट, 1.2 अधिक 1.2, अशा नऊ ओळी, एकूण 18. मी 18 रॅप करून ठेवली. गाडी लागली, पहिली जोडी आत ढकलली तर दुसरं पॅलेट दारातच अडलं. आतून प्लायवूड मारलेलं होतं, टेप लावला तर रुंदी 2.36 मीटर.

मग एक रांग फिरवली. एका बाजूला 1.2 मीटर रुंदीत धरून लांबीत नऊ, दुसऱ्या बाजूला 1 मीटर रुंदीत धरून लांबीत आठ, म्हणजे 17. अ‍ॅपनेही नवीन मापाला 17 च दिली. आठ गुणिले 1.2 म्हणजे 9.60, वर 15 सेंटिमीटर शिल्लक. तरी आठवं पॅलेट लावल्यावर दार तीन बोटं उघडंच राहिलं. टॉवेल दाबून भरलेला असतो, तो आतून फुगतो आणि कार्टनला पोट येतं. आमच्या एका पॅलेटचं पोट अडीच सेंटिमीटर निघालं. आठ पोटांचे झाले 20. मामा म्हणाले, "मॅडम, कंप्युटरातलं पॅलेट उपाशी हाय, आपलं जेवलेलं हाय."

16 गेली, दोन मागे राहिली. सुटी कार्टन ते गोडाऊन घेत नाही. उरलेली दोन वेगळ्या गाडीने पाठवताना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ही रांग फिरवायची युक्ती अ‍ॅप सहज सुचवतं, पण एक गोष्ट विचारत नाही: तुमच्या पॅलेटमध्ये हँड पॅलेटचे (पॅलेट उचलून ढकलायच्या हातगाडीचे) काटे चारी बाजूंनी जातात की दोनच? आमची जुनी लाकडी पॅलेट दुतर्फी आहेत. ती फिरवली की काटा आत जातच नाही, मग चार माणसं लावून ढकला. अशा गाडीला वाराई, म्हणजे माल चढवायची हमाली, वरून मोजावी लागते. हे अ‍ॅप घेणाऱ्यांनी आधी आपली पॅलेट बघावीत.

उंचीचंही तसंच. चाळीस फुटी साध्या कंटेनरची आतली उंची 2.39 मीटर, पण दाराची 2.28 च. अ‍ॅप आतली धरतं. आपलं 2.15 चं पॅलेट हँड पॅलेटवर उचललं की आणखी वर जातं, आणि दाराच्या चौकटीला वरचं कार्टन घासतं. मी आता अ‍ॅपमध्ये दाराचीच उंची टाकते.

वजनाचा रंगीत पट्टा आमच्या मालाला नेहमी हिरवाच. टॉवेलचं पॅलेट 370 किलोच्या आसपास, जागा आधी संपते. पण सुताची गाडी आली की तोच हिरवा पट्टा फसवतो, कारण अ‍ॅपने आपल्या मनाने 15 टन धरलेले असतात आणि ट्रान्सपोर्टवाल्याने सिंगल एक्सल पाठवलेली असते, सात टनांची. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड, वर जादा प्रत्येक टनाला 2 हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. त्यामुळे फोनवर माझा पहिला प्रश्न आता "पासिंग किती?", म्हणजे किती टनांची परवानगी, हाच असतो, दुसरा "आतून प्लाय आहे का?"

फायदा मात्र भलत्याच ठिकाणी झाला. मापं बदलून बघता-बघता लक्षात आलं की गाडी बदलत नाही, कार्टन बदलता येतं. 58.5 बाय 39 चं मागवलं. 40 ऐवजी 38 टॉवेल मावतात, पण पोट पॅलेटच्या आत राहतं आणि 17 बसतात. हिशेब केला: आधी 16 पॅलेट, 16,000 टॉवेल, आता 17, 16,150. गाडीमागे दीडशे टॉवेल! मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण मागे काही राहत नाही, फाटलेल्या कार्टनच्या तक्रारी बंद झाल्या, मला तेवढं पुरे. पावसाळ्यात पुठ्ठा नरम पडून पोट पुन्हा सुटलं, जुलैत दोनदा 16 वरच थांबावं लागलं.

बाकी किरकोळ. मराठी नाही. माप फक्त मिलिमीटरमध्ये, आणि मामा, ड्रायव्हर सगळे फुटात बोलतात. मोबाईलवर अडखळतं. पाचपैकी साडेतीन.

फेब्रुवारीत पुन्हा घेणार, गाडी मागवायच्या आधी आकडा हातात असतो म्हणून. मामाही आता विचारतात, "आज किती म्हनतंय ते?" आणि मग खडूने जमिनीवर आखून बघतात.

उद्या सकाळी चाळीस फुटी लागणार आहे. आतली लांबी 12.03 मीटर; बारा आणि दहाच्या दोन रांगा, दोन्ही 12.00 च्या. तीन सेंटिमीटरच्या भरवशावर अ‍ॅप 22 म्हणतंय, मामा 20 म्हणतायत. मी 21 रॅप करून ठेवली आहेत.