उचलून बघा, केवढा जड आहे!

चांगला स्पीकर जड असतो, एवढं मी इंटरनेटवर वाचून वाचून शिकलो होतो. मोठं चुंबक, जाड लाकूड, आत तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणून जड. हे खोटं नाही. पण माझे साडेअठरा हजार नेमके याच अर्धवट ज्ञानापायी गेले.

बाबांच्या पंचाहत्तरीला घरात नीट गाणं ऐकता यावं, एवढाच बेत होता. चॅनेलमागे 50 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आधीच रीतसर बिलावर घेतला होता आणि स्पीकरसाठी वीस हजार बाजूला ठेवले होते. एका शनिवारी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं विचारून बघा, टॅक्सीवाला तुमच्याकडेच बघत बसेल.) दोन दुकानांत बुकशेल्फ स्पीकर पाहिले. पाच इंची वूफर (खर्जाचा शंकू), वर छोटा ट्वीटर (बारीक सुरांचा), जोडी पंचवीस हजारांच्या पुढे. एवढ्याशा डब्याला एवढे पैसे? बाहेर येऊन चहा घेताना मी हे बायकोला फोनवर बोललोही, आणि बहुधा तिथेच घात झाला. कारण चहा संपायच्या आत एक तिशीतला माणूस शेजारी येऊन उभा राहिला. "साब, स्पीकर देखना है? कस्टम का माल है."

कस्टमचा माल! म्हणजे परदेशातून आलेला, कस्टमवाल्यांनी पकडून स्वस्तात सोडलेला, म्हणे. माझ्या लहानपणी घड्याळं, टेपरेकॉर्डर, परफ्यूम, सगळंच कस्टमचं असायचं. हा शब्द ऐकला की आमच्या पिढीचं डोकं जरा ढिलं पडतं.

गल्लीतल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर गाळा. टेबलावर तीन शंकूंचे काळे चकचकीत स्पीकर. नाव एका बड्या कंपनीसारखं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. शेजारी गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक, त्यावर किंमत 92,000. कुठल्याशा हॉटेलची ऑर्डर रद्द झाली आणि ही एकच जोडी उरली, म्हणे. किंमत त्यानं पटकन सांगितलीच नाही. आधी म्हणाला, "उठा के देखो."

मी उचलला. चांगला दहा-अकरा किलोंचा ऐवज. मघाच्या दुकानातला जेमतेम पाच किलोंचा होता. मनात म्हटलं, बघा, म्हणजे अस्सल आहे. त्याला काही पटवावंच लागलं नाही, माझं मीच पटवून घेतलं.

मग त्यानं गाणं लावलं. ढोल, टाळ्या, जमीन हादरेल असा खर्ज. आज आठवतं की टेबलाला खालपर्यंत मखमली पडदा होता. त्यामागे वेगळा सबवूफर ठेवला असावा अशी माझी दाट शंका आहे, पण पडदा वर करून बघायचं तेव्हा सुचलं नाही. "माझ्या फोनवरचं लावू का?" असं विचारलं, तर "नेट नहीं चल रहा साब" म्हणाला. माझ्याकडे गाणी फोनमध्येच साठवलेली होती, नेट लागतच नव्हतं. तरी मी गप्प बसलो. भिडस्तपणा, दुसरं काय!

38,000 वरून साडेअठरापर्यंत आलो. पाच हजार रोख, बाकीचे यूपीआयवर. खात्यावर नाव कुणा बाईचं. बिल म्हणून साध्या कागदावर आकडा आणि सही, जीएसटीचा पत्ता नाही. टॅक्सीनं भायखळा, तिथून लगेजच्या डब्यातून डोंबिवली. दोन खोकी उचलताना खांदे भरून आले, आणि खरं सांगतो, त्या दुखण्याचाही अभिमान वाटत होता.

घरी तंबोरा लावला. तंबोऱ्यासारखी परीक्षा नाही. चार तारा, पण जवारीतून सुरांचं जे मोहोळ उठतं ते स्पीकरला पेललं नाही, की लगेच उघडं पडतं. इथे कुणीतरी पत्र्याच्या डब्यात डास कोंडलेत असं वाटत होतं. तबल्याचा बायाँ तर नाहीसाच झाला. बाबा बराच वेळ ऐकून म्हणाले, "रेडिओवर बरं लागायचं रे." मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं त्यांना, तरी बोलून गेले.

फडके रोडच्या बाजूला एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांच्याकडे एक स्पीकर नेला. त्यांनी जाळी काढली, मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन त्याला जोडलेल्या दोन तारा मागच्या टर्मिनलना क्षणभर टेकवल्या. वूफर टक् करून जरासा हलला, मधला शंकू ढिम्म. "अहो, हा मधला नुसता शोभेचा आहे." नंतर स्पीकर हातात घेऊन पुढे-मागे कलता केला आणि हसले. खऱ्या स्पीकरचा भार पुढच्या बाजूला येतो, कारण चुंबकं तिथे असतात. याचा सगळा भार बुडाशी होता.

स्क्रू काढून उघडल्यावर तळाशी एक पेव्हर ब्लॉक निघाला. फुटपाथवर बसवतात तोच, लाल रंगाचा, भरपूर गोंदानं चिकटवलेला. वूफरचं मागून थोराड दिसणारं चुंबक म्हणजे प्लॅस्टिकची टोपी, आत रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा चुंबकाचा तुकडा. ट्वीटरला एकच कपॅसिटर, बाकी क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि बारीक सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या शंकूकडे पाठवणारं सर्किट, नावाला नाही. मधल्या शंकूला वायरच नव्हती. खोक्यावर मात्र 2000 वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची म्हणे कमाल ताकद. या पीएमपीओला कसलंही ठरलेलं मानक नाही, छापणारा छापेल तो आकडा. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग पेलणारे खरे वॉट. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, हे काकांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. काकांनी रोध मोजायला मल्टिमीटरही लावला. आठ ओहमचा खरा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो. मागे 8 लिहिलेल्या या महाशयांनी साडेतीन दाखवले. रोध इतका कमी, की जोरात वाजवला असता तर माझा नवा अ‍ॅम्प्लिफायरही तापून बसला असता.

सोमवारी गाळ्यावर गेलो. कुलूप. शेजारचा म्हणाला, दिवसाच्या भाड्यावर देतात हा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे मी स्वतःच्या हातानं, वस्तू समोर बघून दिले होते, त्यामुळे पुढे काही सरकलं नाही. पोलीस चौकीत सभ्यपणे ऐकून घेतलं. फसवणुकीचं पूर्वीचं चारसोबीस कलम आता नव्या कायद्यात तीनशे अठरा झालंय, एवढी भर माझ्या सामान्यज्ञानात पडली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? बिलावर ना नाव, ना पत्ता. अमेरिकेतल्या भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडे असलाच माल पांढऱ्या व्हॅनमधून पार्किंगमध्ये विकतात, गोदामाच्या चुकीनं जास्तीची जोडी आली म्हणून. माहितीपत्रकही असंच, फुगवलेल्या किमतीचं. म्हणजे आमच्या गाळेवाल्याची युक्तीसुद्धा अस्सल नव्हती.

दीड महिन्यानं पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो, या वेळी पहिल्याच दुकानात. जाळी काढून घेतली, स्वतःच्या फोनवरचा तंबोरा लावला, दोन जोड्या एकाच पातळीच्या आवाजावर ऐकल्या. जरा मोठ्यानं वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो, तेव्हा हे जपावं लागतं. पाच इंची वूफरची लहानशी जोडी पक्क्या बिलावर घेतली आणि बाहेर पडलो.

चहाच्या टपरीशी तोच माणूस. समोर पाठीला सॅक लावलेला एक कॉलेजचा पोरगा. "साब, एक बार उठा के तो देखो," चाललं होतं. मला बघून तो शांतपणे गर्दीत मिसळला. मी पोराला म्हटलं, "त्याच्याकडून स्पीकर घेऊ नकोस, आत पेव्हर ब्लॉक असतो." पोरानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "काका, तुमचं दुकान कुठंय?"