रत्नागिरीतला ऑडिशन-व्हिडिओ स्टुडिओ: खोली घ्या, पॅकेज राहू द्या

शिमग्याआधी नमन-खेळ्यांची आणि गणपतीआधी जाखडीची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या या छोट्या स्टुडिओने आता 'नाट्यप्रवेश पॅकेज' काढलं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत म्युझिकल थिएटरची पदवी करायची तर बऱ्याच ठिकाणी आधी चाळणीचा एक व्हिडिओ पाठवावा लागतो. त्याला प्रीस्क्रीन म्हणतात. तो पास झाला तरच पुढची प्रत्यक्ष ऑडिशन. पॅकेजची किंमत 18,000 रुपये. त्यात गाण्यांची निवड, संवादाची तयारी, दोन बैठकांत चित्रीकरण आणि फॉर्म भरायला मदत. नुसती खोली आणि रेकॉर्डिंगवाला हवा असेल तर तासाला 800.

तासाची सोय चांगली आहे. पॅकेज घेऊ नका.

आधी चांगलं काय ते. प्रीस्क्रीन घरी करता येतो असं सगळे सांगतात, पण कोकणातल्या घरात तो करून बघा. पंखा बंद केला की घाम, चालू ठेवला की घरघर. संध्याकाळी रातकिडे, सकाळी विहिरीचा पंप आणि सप्टेंबर सरेपर्यंत पत्र्यावर पाऊस. शिवाय काही कॉलेजांना एका गाण्यात मूल डोक्यापासून पायापर्यंत दिसावं लागतं. त्यासाठी कॅमेरा दहा-बारा फूट मागे न्यावा लागतो, आणि माजघरात तेवढी लांबी मिळत नाही. इथली खोली साधारण 14 बाय 20 फुटांची. भिंतींना फोम, खाली जाड सतरंजी. एसी दहा मिनिटं आधी लावून टेकच्या वेळी बंद करता येतो. इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी टेक वाया जात नाही. एवढ्यासाठी 800 रुपये महाग नाहीत.

आता रेकॉर्डिंगवाल्याला काय सांगायचं. माणूस हुशार आहे, पण त्याचा हात भजनाच्या अल्बमवर बसलेला. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो चेहऱ्यासमोर मोठा माइक लावेल, कानात हेडफोन देईल, आवाजावर एको चढवेल आणि मागे हिरवा पडदा टाकेल. या चारही गोष्टी प्रीस्क्रीनला मारक आहेत. बघणाऱ्याला मुलाचा आवाज खोलीत कसा वाजतो ते ऐकायचं असतं. हेडफोनवर गाऊन मागून साथीचा ट्रॅक मिसळला की व्हिडिओ डब केल्यासारखा वाटतो, आणि एको ऐकला की सूर लपवलाय अशी शंका येते. म्हणून ट्रॅक खोलीतच स्पीकरवर वाजवा. स्पीकर कॅमेऱ्याच्या बाजूला, मुलापासून पाच-सहा फुटांवर, आणि वायरने जोडलेला. ब्लूटूथवर नेमक्या शेवटच्या ओळीला कुणाचा तरी फोन येतो. माइक डोक्याच्या वर, चौकटीबाहेर. गाणं एका टेकमध्ये, मधे कट नाही. ट्रॅकपेक्षा आवाज स्पष्ट वर हवा. पहिला टेक झाला की स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ऐकत बसू नका. फोनच्या स्पीकरवर ऐका, म्हणजे शब्द खरंच कळतात का ते समजेल.

हिरव्या पडद्याचं मुद्दाम सांगायला हवं. पडदा मुलाच्या मागे दोन फुटांवर असेल तर त्याचा हिरवा रंग हनुवटीच्या खालच्या कडेवर आणि मानेवर उतरतो. गोऱ्या कातडीवर पटकन दिसतो, सावळ्यावर राखाडी-आजारी छटा येते. मग रेकॉर्डिंगवाला मागे न्यूयॉर्कचं चित्र लावायला बघतो. पडदा काढायला लावा. राखाडी किंवा निळी साधी चादर पुरे. कपडे एका रंगाचे, पडद्याहून वेगळे, आणि नाटकातल्या पात्राचा वेश नको. कॅमेऱ्याऐवजी चांगला फोन आडवा धरला तरी चालतो, 1080 चं रिझोल्यूशन ठेवा, उंची मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत.

बहुतेक कॉलेजं दोन वेगळ्या ढंगांची गाणी मागतात, प्रत्येकी साधारण 60 ते 90 सेकंदांची. काही ठिकाणी एक 1970 आधीच्या म्युझिकलमधलं आणि एक नंतरचं. पॅकेजची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. त्यांचे मार्गदर्शक गायन शिकवणारे आहेत आणि पट्टी ठरवताना ते विचारतात, 'काळी चार का पाच?' मुलगी काळी चारात गाते म्हटल्यावर गाणं जी शार्पमध्ये सरकवून ट्रॅक करून देतात. नाट्यपदाला हा हिशोब बरोबर आहे, कारण तिथे षड्ज ठरला की मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंतची झेप ओळखीची असते. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या, गाण्यात सा कुठे आहे याला तेवढा अर्थ नाही. गाण्याचा सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर कोणता, आणि मुलगी वरचा सूर छातीच्या आवाजात घेते की पातळ करून, हे बघावं लागतं. त्यामुळे मूळ पट्टीत बसणारं गाणं उगाच चार सूर वर जातं आणि 90 सेकंदांच्या शेवटी, नेमकी ताकद दाखवायची तिथे, मूल ओरडतं. घरी पेटीवर दोन्ही टोकांचे सूर शोधा, ते मुलाला रोज सकाळी सहज लागतात का बघा, मग गाणं निवडा. पट्टी बदलावीच लागली तर अर्धा किंवा एक सूर, त्याहून जास्त नको.

ट्रॅकही पॅकेजमधला घेऊ नका. ते यूट्यूबवरचा कराओके उतरवून सॉफ्टवेअरने पट्टी बदलतात. पियानो मग डब्यातून वाजल्यासारखा येतो आणि बऱ्याचदा खाली गाण्याची मूळ धून बारीक वाजत राहते, ती मुलाच्या सुराशी भांडते. खरा उपाय म्हणजे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचून पियानो वाजवणारा माणूस. आपल्याकडे पेटी वाजवणारे रग्गड, पण ते कानावर आणि सरगमवर वाजवतात. नोटेशन वाचणारे शोधायचे तर सावंतवाडीच्या पुढे गोव्याकडे बघा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकलेले. गाण्याचं नोटेशन पीडीएफमध्ये पाठवा, गायचा तुकडा कुठून कुठे ते पेनाने खुणा करून द्या, सुरुवातीला सूर मिळण्यापुरता फक्त दोन मात्रांचा एक स्वर मागा. आपली सवय आलापाची. आठ मात्रांचा पियानो वाजून गेला की 90 पैकी काही सेकंद गेले आणि तोंडातून शब्द आलेला नाही.

नाट्यसंगीत शिकलेल्या मुलांसाठी आणखी एक. तान आणि मुरकी आवरा. ब्रॉडवेच्या गाण्यात बोलता बोलता गाणं यायला हवं, अर्थ आधी. पण 'वाइल्ड कार्ड' नावाचा एक छोटा भाग बऱ्याच ठिकाणी असतो, त्यात स्वतःचं काहीही दाखवता येतं. पेटीवर एखादं पद किंवा दशावतारातला एखादा प्रवेश तिथे सोन्यासारखा. पॅकेजवाले या भागात मुलांना बॉलीवूडचा डान्स करायला लावतात. हातातली बाजू सोडून देण्याचा प्रकार.

नाचाचा व्हिडिओ इथे करूच नका. सतरंजीवर गिरकी अडकते आणि गुडघा दुखावतो. शाळेचा हॉल सकाळी सातला मिळाला तर तिथे करा, कथक किंवा भरतनाट्यमचा पाया असेल तर तोच दाखवा.

संवादांबद्दल. कॉलेजं प्रकाशित नाटकातलाच उतारा मागतात, मुलाच्या वयाच्या जवळच्या पात्राचा. पॅकेजमध्ये जी फाईल देतात तिच्यातले बरेच उतारे इंटरनेटवर ऑडिशनसाठीच लिहिलेले सुटे स्वगत आहेत, कुठल्याही नाटकातले नाहीत. ते चालत नाहीत. नाटक पूर्ण वाचा, मग निवडा. नजर कॅमेऱ्याच्या भिंगाच्या बाजूला, एका बोटाच्या अंतरावर, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतोय अशी. उच्चार अमेरिकन करायला जाऊ नका. व्ही आणि डब्ल्यू वेगळे निघाले तरी पुष्कळ.

फॉर्मच्या मदतीबद्दल कमी बोलावं तेवढं बरं. पॅकेजमधला मुलगा कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जावर, माहिती भरून देतो, पण खरी अडचण आपल्या इथल्या कॉलेजच्या ऑफिसात आहे. नववी ते बारावीची गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं विद्यार्थ्याने नाही, शिक्षकाने किंवा समुपदेशकाने अपलोड करायची असतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशकाचं पद सहसा नसतं, म्हणून वर्गशिक्षकांना आधी भेटून सगळं समजावून सांगा. त्यांचा रोज उघडला जाणारा ईमेल द्या. ऑफिसच्या ईमेलवर गेलेली लिंक कुणी बघत नाही. शाळा सोडल्याचा दाखला इथे कामाचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, कलेची ऑडिशन पास झाली तरी अभ्यासाच्या बाजूने प्रवेश मिळतोच असं नाही. अनेक ठिकाणी दोन्ही वेगवेगळे बघतात.

तारखा एका वहीत, कॉलेजवार, पहिल्या दिवसापासून लिहा. प्रीस्क्रीनची मुदत प्रत्येकाची वेगळी, पण सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येते. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे 1 डिसेंबरची रात्री 11:59 ही मुदत म्हणजे आपल्याकडे 2 तारखेची सकाळी 10:29. व्हिडिओ मात्र आदल्या पहाटेच अपलोड करून टाका. त्यापुढची ऑनलाइन ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तिथली दुपारी दोनची वेळ म्हणजे इथे मध्यरात्री साडेबारा. त्याच दिवसांत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. वेळ निवडायला देतात तेव्हा तिथली सकाळ मागा, म्हणजे इथे संध्याकाळी सात-आठ वाजता मूल जागं आणि गळा उघडा असेल. उत्तरं साधारण 1 एप्रिलपर्यंत येतात आणि होकार 1 मेपर्यंत कळवायचा असतो. आर्थिक मदत मागणार असाल तर त्याचे कागद, बऱ्याच कॉलेजांत सीएसएस प्रोफाइल नावाचा घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, याची मुदत वेगळी असते आणि उत्तरांच्या आधी येते. पॅकेजमध्ये याचा उल्लेखही नाही, आणि खर्च बघता तेच सगळ्यात आधी सांगायला हवं.

याच दुकानात 'एनएसडी पॅकेज' म्हणून आणखी एक प्रकार बारावीच्या मुलांना विकला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, वर किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. बारावीनंतर लगेच तिथे जागा नाही. मुंबई विद्यापीठाचा नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचा. बारावीनंतर नाटक किंवा संगीत घेऊन बीए करायचं तर पुण्यातलं ललित कला केंद्र आहे, 1987 सालापासून. तिथे प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी या व्हिडिओची गरज नाही, रंगभूमीवर उभं राहण्याची सवय हवी. रत्नागिरीत राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात तेव्हा मुलाला प्रेक्षागृहात नाही, विंगेत बसवा.

खोली घेताना दोन दिवस, प्रत्येकी चार तास घ्या. हिशोब 6,400 रुपये. पहिला दिवस गाण्यांचा, दुसरा संवादांचा आणि राहून गेलेल्या टेकचा. एकाच दिवशी सगळं उरकायला गेलात तर तिसऱ्या तासाला गळा बसतो. आईवडिलांनी काचेपलीकडे नाही, बाहेरच्या बाकावर बसावं. समोर चेहरा दिसला की मूल टेकनंतर त्याच चेहऱ्याकडे बघतं आणि ते व्हिडिओत येतं. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे स्टुडिओ मोकळा नसतो, दोन मंडळं एकाच वेळी येतात आणि तुमची वेळ ढकलली जाते. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी फोन करा आणि सकाळची वेळ मागा. मागच्या पडवीवर पत्रा आहे आणि परतीचा पाऊस तिथे दुपारनंतर वाजतो.