दहा महिने लाइमक्वॉटसोबत: नावातलं गाळलेलं सोनं

कुंडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर दोनच गोष्टी होत्या: 'लाइमक्वॉट' आणि 'सालीसकट खा'. लाइमक्वॉट म्हणजे लिंबू आणि कमक्वॉट यांचा संकर; कमक्वॉट हे सालीसकट खायचं, संत्र्याच्या कुळातलं लहान फळ. झाड गुडघ्याएवढं, त्यावर चार फुलं आणि एक वाटाण्याएवढं फळ. जात कोणती, कलम कशावर, काही नाही. याला दहा महिने झाले.

पहिलं फळ फिकट पिवळं झालं तेव्हा चिठ्ठीवर विश्वास ठेवून अख्खं तोंडात टाकलं. साल कागदासारखी पातळ, किंचित गोडसर, वास तर असा की बोटांना दुपारपर्यंत येत राहिला. त्या खुशीत दात पुढे गेले आणि रस सुटला. एक डोळा आपोआप मिटला. वर बिया, तीन की चार, मोजायच्या मनःस्थितीत नव्हते. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं हे फळ कधी चाखलंच नसावं, असं माझं त्या क्षणी ठाम मत झालं.

मग नावाच्या मागे लागले. लाइम म्हणजे लिंबू, इथपर्यंत सोपं. अरबी 'लीम', फारसी 'लीमू' आणि आपलं 'लिंबू' एकाच गोतावळ्यातले. अडत होतं ते 'क्वॉट'पाशी. हा तुकडा कमक्वॉटमधून उचललेला. कमक्वॉट हा मूळचा कॅन्टोनीज शब्द, 'गाम-ग्वात': 'गाम' म्हणजे सोनं, 'ग्वात' म्हणजे संत्र्याच्या कुळातलं लहान फळ. सोनसंत्रं म्हणा. जोडनाव करताना सोनं गाळलं आणि संत्रं ठेवलं, त्यामुळे शब्दशः उरलं 'लिंबूसंत्रं'. आणि या फळाच्या चवीत संत्र्याचा मागमूस नाही! खरं तर सोनंच ठेवायला हवं होतं, कारण कमक्वॉटकडून याला जे मिळालंय ते सगळं सालीत आहे.

हे नाव ज्या संकराचं, तो वॉल्टर स्विंगल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1909 मध्ये फ्लोरिडात केला. एक पालक आपलं कागदी लिंबू, दुसरा कमक्वॉट. नावं जुळवायची या माणसाला हौसच असावी. टँजरिन (एक प्रकारचं संत्रं) आणि पोमेलो (पपनस) मिळून 'टँजेलो' हाही त्याच घरचा शब्द, आणि 'सिट्रेंजक्वॉट' नावाचं आणखी एक संकरित प्रकरण आहे, जे एका दमात म्हणून दाखवावं. हौसेमागे कारण मात्र गंभीर होतं. 1894-95 च्या हिवाळ्यात फ्लोरिडातल्या बागा गारठून मेल्या होत्या, आणि थंडी सोसणाऱ्या लिंबूवर्गीय झाडांचा शोध सुरू झाला होता. लिंबू थंडीला फार नाजूक. कमक्वॉट त्या मानानं काटक. लाइमक्वॉट दोघांच्या मधोमध.

गंमत म्हणजे कागदी लिंबू स्वतःच संकर आहे. त्याच्या एका बाजूला महाळुंग आणि दुसऱ्या बाजूला एक रानटी आंबट फळ. म्हणजे संकराचा पुन्हा संकर.

शास्त्रीय नावाची कथा आणखी वेगळी. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकानं 1846 मध्ये कमक्वॉट लंडनला नेलं, म्हणून स्विंगलनं 1915 मध्ये कमक्वॉटला 'फॉर्च्युनेला' ही स्वतंत्र प्रजाती दिली. आता बरेच अभ्यासक त्याला परत 'सिट्रस' या लिंबू-संत्र्यांच्या प्रजातीतच धरतात, त्यामुळे लाइमक्वॉट कुठे 'सिट्रोफॉर्च्युनेला' असतं, कुठे साधं 'सिट्रस'. पुढचा 'फ्लोरिडाना' तेवढा दोन्हीकडे तोच.

जातींची नावं फ्लोरिडातल्या गावांची आहेत: युस्टिस, लेकलँड, टॅव्हेरेस. पहिल्या दोन तर एकाच संकरित फळातल्या वेगवेगळ्या बियांपासूनच्या. लेकलँडचं फळ मोठं. माझं झाड आकार, रंग आणि बियांवरून युस्टिस वाटतं. चिठ्ठीवर हे एक नाव लिहायला शाईचे किती थेंब लागले असते?

आता वापराबद्दल. फोड करून खाऊ नये. अख्खं तोंडात घालायचंच असेल तर आधी बोटांत दाबून चोळावं, सालीचं तेल सुटतं आणि आंबटपणाला थोडी सोबत मिळते. रोजच्या वापरात मी आडवं कापते, रस पाण्यात पिळते आणि पिळलेली साल तशीच चावून खाते. लिंबाच्या बाबतीत हे जमत नाही, साल कडू लागते. रस चांगला निघतो, पण फळ जेमतेम सुपारीपेक्षा मोठं, तेव्हा एका पेल्याला दोन-तीन लागतात. बियांसाठी गाळणी हवीच.

झाड कुंडीत खूश आहे, काटे अगदी लहान. एक फजिती मात्र माझी. चौथ्या महिन्यात बुंध्यातून एक जोमदार फूट आली. मी तिला काठीचा आधार दिला, कौतुकानं पाणी घातलं. तीन आठवड्यांनी नीट पाहिलं तर तिची पानं तीन-तीन पाळ्यांची, बाकी झाडाची एकेरी. ती कलमाच्या खालच्या खुंटाची फूट होती, सगळं खतपाणी तिनंच खाल्लं होतं. मुळापासून तोडली. त्यानंतर महिनाभरात वरच्या फांद्यांना फुलं आली.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा फळाचा नाही, चिठ्ठीचा. ती मी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला 'युस्टिस (बहुधा)' लिहिलंय, आणि खाली 'साल खा, रस पिळा'.