मॉडिफाय केलेल्या गाडीसाठी ओबीडी स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पेट्रोल गाडीत तीन बदल आहेत. मूळ सायलेन्सरच्या जागी रुंद नळीची जोडणी, तिच्यात विरळ जाळीचा स्पोर्ट्स कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) आणि इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅममधील फेरफार. हे बदल केले तेव्हा उत्सर्जन चाचणी म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावून धूर मोजणे एवढेच होते आणि त्या चाचणीत गाडी दोनदा विनातक्रार उत्तीर्ण झाली. तिसऱ्या वेळी मात्र तंत्रज्ञाने धूर मोजायची नळी हातात घेण्याआधी स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये आपली वायर जोडली, क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि ‘मॉनिटर, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या, पूर्ण नाहीत, आज चाचणी होणार नाही’ असे सांगून गाडी परत पाठवली. आदल्याच दिवशी मी बॅटरीची वायर काढून एक सेन्सर बदलला होता, आणि निघण्यापूर्वी फोनला जोडायच्या स्वस्त ओबीडी (गाडीच्या संगणकाची स्वतःचे दोष नोंदवणारी व्यवस्था) डोंगलने ‘एकही दोष नाही’ अशी हिरवी खूण दाखवली होती. त्या खुणेवर विसंबून राहिल्यामुळे माझा दिवस वाया गेला. त्यानंतर मी हातात धरायचा, स्वतःचा रंगीत पडदा असलेला स्कॅनर घेतला. त्याचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीची यंत्रे अनेक नावांनी विकली जातात आणि पुढचे विवेचन त्या साऱ्यांना कमीअधिक लागू पडते.

असे यंत्र मॉडिफाय केलेल्या गाडीच्या मालकाला आताच का लागते, हे समजण्यासाठी नियम कोणत्या दिशेने बदलले ते पाहावे लागते. कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून गाडीच्या संगणकातील सॉफ्टवेअर हाच तपासणीचा विषय झाला आहे. ते उत्पादकाने दिलेले किंवा तेथील हवेच्या गुणवत्तेवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने (कार्ब) मंजूर केलेले नसेल, तर नळीतून निघणारा वायू कितीही स्वच्छ असला तरी गाडी अनुत्तीर्ण होते आणि मूळ सॉफ्टवेअर परत घातल्यावरच तिची फेरतपासणी होते. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून ज्या डिझेल गाडीला मुळात डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला होता, तिच्या सायलेन्सरमधून कोणत्याही रंगाचा धूर दिसला किंवा त्या फिल्टरशी छेडछाड झाल्याचे आढळले, तर तो मोठा दोष धरला जातो. जर्मनीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथे २००६ नंतरच्या गाड्यांसाठी गाडीच्या संगणकाने दिलेली माहिती पुरेशी मानली जात होती. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधील, चाचणी ओळखून वागणे बदलणारे सॉफ्टवेअर उघडकीस आल्यानंतर तो विश्वास डळमळला आणि १ जानेवारी २०१८ पासून सर्वच गाड्यांच्या नळीशी मोजमाप पुन्हा सक्तीचे झाले. थोडक्यात, कुठे धूर मोजणाऱ्यांनी संगणक वाचायला घेतला, तर कुठे संगणकावर भिस्त ठेवणारे पुन्हा धुराकडे वळले, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीला आता दोन्ही दारांतून जावे लागते. यातल्या पहिल्या दाराची तयारी घरी कितपत करता येते, एवढ्यापुरतेच या स्कॅनरचे मोल मी जोखले आहे.

मॉनिटरचे पान हा या यंत्राचा सर्वांत चांगला भाग आहे. गाडीचा संगणक कॅट, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा अडवणारी व्यवस्था अशा प्रत्येक घटकाची चाचणी चालत्या गाडीत स्वतःच घेत असतो, आणि बॅटरी काढली किंवा दोष पुसले की या साऱ्या चाचण्यांची पाटी कोरी होते. स्वस्त डोंगल ज्याला ‘दोष नाही’ म्हणते ती पुष्कळदा ही कोरी पाटीच असते. विद्यार्थ्याने पेपरच लिहिला नाही म्हणून त्यात चुका सापडल्या नाहीत, तसा हा प्रकार आहे. माझा स्कॅनर प्रत्येक मॉनिटर स्वतंत्र ओळीत दाखवतो आणि न झालेल्या मॉनिटरपुढे लाल फुली ठेवतो. परत पाठवलेल्या गाडीत दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो जोडला, तेव्हा चार फुल्या होत्या. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनाने सुरुवात केली आणि शेजारी बसलेल्या भावाला पडदा पाहायला सांगितले. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची फुली दोन-तीन मिनिटांत गेली, खुद्द सेन्सरची मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवताना गेली, आणि कॅटची फुली जाऊन तेथे हिरवी खूण उमटायला तीन दिवसांच्या फेऱ्या लागल्या. पेट्रोलच्या वाफांचा मॉनिटर सर्वांत हट्टी निघाला. टाकी काठोकाठ भरलेली असेल किंवा तळाला गेलेली असेल तर तो सुरूच होत नाही, हे सोबतच्या पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही आणि ते लिहायला हवे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कायमस्वरूपी दोषसंकेत. हे संकेत स्कॅनरने पुसता येत नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत; संबंधित चाचणी पुन्हा होऊन घटक ठीक असल्याची संगणकाची स्वतःची खात्री पटली की तोच ते काढून टाकतो. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून २०१० आणि त्यानंतरच्या मॉडेलांसाठी हे संकेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यात धरले जातात. दोष पुसल्यानंतर इंजिन १५ वेळा तापून झाले असेल आणि गाडी २०० मैल चालली असेल, तरच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. चाचणीच्या आदल्या रात्री दोष पुसून दिवा विझवण्याची जुनी युक्ती यामुळे निकामी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. हा स्कॅनर कायमस्वरूपी संकेत वाचतो, दोष पुसल्यानंतर इंजिन किती वेळा तापले आणि गाडी किती अंतर चालली हेही दाखवतो, मात्र या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या आहेत. चाचणीला जाण्यापूर्वी त्या एकत्र पाहायच्या असतात, हे ज्याने या पानांची मांडणी केली त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

रिमॅप केलेल्या गाडीसाठी खरे महत्त्वाचे पान ‘वाहनाची माहिती’ या साध्या नावाखाली दडलेले आहे. तेथे संगणकातील प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक आणि त्याच्या शेजारी आठ अक्षर-अंकांचा पडताळणी क्रमांक दिसतो. हा दुसरा क्रमांक प्रोग्रॅमच्या मजकुरावरूनच गणिताने निघतो, म्हणून आतला एखादा आकडा बदलला तरी तो बदलतो. रिमॅप करणारा कारागीर पुष्कळदा ओळख क्रमांक जसाच्या तसा ठेवतो आणि मालकाला वाटते की बाहेरून काही कळणार नाही. पण सॉफ्टवेअर तपासणारी चाचणी याच दोन क्रमांकांची जोडी उत्पादकाच्या नोंदीशी ताडून पाहते. माझ्या गाडीचा पडताळणी क्रमांक मी त्याच मॉडेलच्या, हात न लावलेल्या एका गाडीशी ताडला. ओळख क्रमांक तंतोतंत जुळला, पडताळणी क्रमांकात मात्र पहिल्या अक्षरापासून फरक होता. तो पडदा पाहताना मला पहिल्यांदा जाणवले की मी केलेला बदल दोन ओळींत वाचता येतो. ज्यांनी अजून रिमॅप केलेला नाही त्यांनी हे पान आधी उघडून त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत मिळाल्याशिवाय काम देऊ नये, असा माझा आग्रह आहे. स्कॅनरमध्ये हा क्रमांक साठवून पुढच्या वेळी ताडण्याची सोय नाही, ही उणीव मला मोठी वाटते.

चालू आकडे दाखवणाऱ्या आलेखाबद्दल मी सुरुवातीला फारसा उत्साही नव्हतो; आज त्याच्यासाठीच हे यंत्र पुन्हा विकत घेईन. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. माझ्या गाडीत पुढच्या सेन्सरची रेघ ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होते, कारण संगणक मिश्रण किंचित पातळ आणि किंचित दाट असे आलटून पालटून करत असतो. कॅट निरोगी असेल तर तो मधला ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सपाट राहते. माझी मागची रेघ पुढचीची नक्कल करत होती, थोडी उशिरा आणि थोडी बुटकी. विरळ जाळीच्या कॅटमध्ये वायूला मोकळी वाट मिळते, पण प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असलेला पृष्ठभाग कमी पडतो. माझ्या कॅटला चौरस इंचाला २०० छिद्रे होती आणि मूळ कॅटला ४००. पी ०४२० हा कॅट अकार्यक्षम असल्याचा संकेत अजून आलेला नव्हता, पण तो वाटेवर होता, हे त्या दोन रेघांनी आधीच सांगितले. मी पुन्हा ४०० छिद्रांचा कॅट बसवला. मागची रेघ ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिरावली आणि नंतर नळीशी मोजलेला कार्बन मोनॉक्साइड ०.१८ टक्क्यांवरून ०.०३ टक्क्यांवर आला. इंजिन तेजीत असताना ०.२ टक्के ही ब्रिटनच्या चाचणीतील मर्यादा आहे, म्हणजे आधीची माझी उत्तीर्ण गाडी काठावर चालत होती.

याच ठिकाणी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मागच्या सेन्सरखाली पोकळ नटासारखा तुकडा बसवून त्याला वायूच्या प्रवाहापासून दूर नेण्याची शक्कल सर्वत्र सुचवली जाते, आणि ती लावली की याच आलेखावर मागची रेघ सपाट दिसते. स्कॅनरला ती फसवणूक ओळखता येत नाही. पण ज्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो तिच्यामागे कुणाचे तरी मूल चालत असते, आणि गाडी वेगवान करण्याचा माझा छंद त्याच्या श्वासावर चालू नये असे मला मनापासून वाटते.

यंत्राचा गंभीर दोष एकच, पण तो महागात पडू शकतो. ‘वाचा’ आणि ‘पुसा’ या कळा शेजारीशेजारी आहेत आणि ‘पुसा’ दाबल्यावर यंत्र एकदाच, तेही फक्त ‘दोष पुसायचे का’ एवढेच विचारते. मॉनिटरची पाटीही त्याबरोबर कोरी होईल, हे ते सांगत नाही. दुसऱ्या महिन्यात माझ्या भावाचा अंगठा चुकला आणि आठवडाभराच्या फेऱ्या पाण्यात गेल्या. बाकी उणिवा किरकोळ आहेत. उन्हात पडदा नीट दिसत नाही. वायर आखूड असल्याने मागच्या आसनावरून पाहता येत नाही. दोषांची मराठी नावे ओढूनताणून केलेली आहेत आणि इंग्रजी ठेवून वापरणेच सोपे जाते.

डिझेल गाडीच्या मालकांनी या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. डीपीएफ काढून टाकून प्रोग्रॅममधून त्याचे अस्तित्वच पुसले असेल, तर सर्व ओळी हिरव्या दिसतात आणि धुराची अपारदर्शकता मोजणारे जुने यंत्रही आधुनिक इंजिनाच्या बाबतीत पुष्कळदा फसते. म्हणूनच बेल्जियमने जुलै २०२२ पासून आणि नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून सूक्ष्म कणांची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. जर्मनीने जुलै २०२३ पासून युरो ६ या युरोपीय उत्सर्जन मानकाच्या डिझेल गाड्यांसाठी घनसेंटिमीटरला २,५०,००० कण ही मर्यादा लावली. फिल्टर नसलेली गाडी या मोजणीतून सुटत नाही आणि घरच्या स्कॅनरला तिचा अंदाजही देता येत नाही. अशा मालकाने स्कॅनरवर खर्च करण्याऐवजी फिल्टर जागेवर आहे का आणि तडकलेला नाही ना, हे गाडी लिफ्टवर चढवून पाहून घ्यावे.

पेट्रोल गाडीसाठी, विशेषतः सायलेन्सर, कॅट किंवा रिमॅप यांपैकी काहीही बदललेले असेल तर, मी हा स्कॅनर निःसंकोच सुचवतो. घेताना मॉनिटरची स्वतंत्र यादी, कायमस्वरूपी संकेत, पडताळणी क्रमांक आणि दोन सेन्सरांचा एकत्र आलेख या चार गोष्टी दुकानातच गाडीला जोडून पाहाव्यात, कारण खोक्यावर ‘सर्व कार्ये’ असे छापलेल्या यंत्रांतही त्यांतली एखादी नसते. घरी आणल्यावर ‘पुसा’ या कळेवर चिकटपट्टी लावावी. माझ्या स्कॅनरवर ती अजूनही आहे.