फॉलिक ॲसिडची गोळी की आहारातलं फोलेट?

बाळाचा विचार चाललाय, तर गोळी घ्यावी की पालेभाज्या-डाळींवर भागेल, असं एका मैत्रिणीने विचारलं. फोलेट म्हणजे ब-९ जीवनसत्त्व, आणि फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं कृत्रिम रूप. डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणांसाठी, म्हणजे छोट्या रासायनिक चिठ्ठ्यांसाठी, शरीराला फोलेट लागतं, आणि कोणतं जनुक किती काम करेल हे या एपिजेनेटिक (डीएनएचा मजकूर न बदलणाऱ्या) खुणांवरही ठरतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या दुष्काळात जी मुलं आईच्या पोटात आली, त्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जनुकावर सहा दशकांनीही या खुणा कमी आढळल्या. आईच्या गर्भारपणाच्या अखेरीस पोटात असताना उपासमार सोसलेल्यांत हा फरक दिसला नाही.

म्हणून वेळेची कसोटी मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिथे गोळी सरस. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच जुळून बंद होते, अनेकदा दिवस गेल्याचं कळण्याआधी. गोळीतून रोज ४०० मायक्रोग्रॅम नक्की मिळतात. अन्नातलं फोलेट शिजवताना घटतं, शोषलंही कमी जातं.

प्रथिनं आणि तंतू मात्र आहारच देतो.

गर्भधारणा शक्य असेल तर किमान महिनाभर आधीपासून गोळी हवीच, सोबत चांगलं जेवण. आधीच्या बाळात मज्जानलिका नीट बंद न होण्याचा दोष असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. गर्भधारणेचा प्रश्नच नसेल आणि जेवण चौरस असेल, तर बहुतेकांना आहार पुरतो.